होडी नसलेला सभासद आणि इतर प्रश्न

किनाऱ्यावरचा यॉट क्लब, म्हणजे शिडाच्या होड्यांचा क्लब, आतून कसा असतो याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं अपेक्षेपेक्षा खूप जास्त आली. मी अशा एका क्लबची ३१ वर्षं सभासद आहे आणि त्यातली १८ वर्षं शर्यत अधिकारी म्हणून पाण्यावर घालवली आहेत, तेव्हा उत्तरं त्या अनुभवातूनच देते.

प्रश्न : ताई, माझ्याकडे होडी नाही, घेण्याची ऐपतही नाही. मग क्लबचं सभासद होण्यात काही अर्थ आहे का? की नुसतं धक्क्यावर उभं राहून बघायचं?

अर्थ आहे. मी स्वतः पहिली सात वर्षं बिनहोडीची सभासद होते आणि त्या सात वर्षांत जेवढं शिकले तेवढं पुढे स्वतःची होडी घेतल्यावरही शिकले नाही.

दोघांच्या होडीला दुसरा माणूस लागतोच. एक सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो, दुसरा पुढचं शीड बघतो आणि आपल्या वजनाने होडी सरळ ठेवतो. शर्यतीच्या सकाळी कुणाचा तरी जोडीदार आजारी असतो, कुणाचा परगावी गेलेला असतो. लवकर जा, सूचना फलकापाशी उभ्या राहा आणि ‘क्रू हवाय का?’ असं स्पष्ट विचारा. लाजू नका. वारा जास्त असेल त्या दिवशी भरभक्कम माणसाला मागणी, वारा पडलेला असेल तर हलक्याला. दोन-तीन रविवार हे केलंत की चौथ्या रविवारी लोक तुम्हाला शोधत येतील.

दुसरी गोष्ट ड्युटीची. बहुतेक क्लबांत प्रत्येक सभासदाला वर्षातून काही वेळा कामाची पाळी येते : शर्यत जिच्यावरून चालवतात त्या कमिटी बोटीवर, बचाव बोटीवर किंवा होड्या उतरवायच्या उतारावर. बरेच जण ती टाळतात. तुम्ही आपणहून मागून घ्या, कारण शर्यत कमिटी बोटीवरून जशी दिसते तशी कुठूनच दिसत नाही.

माझी पहिली पाळी मला अजून लख्ख आठवते. काम एकच होतं, झेंडे वर-खाली करण्याचं. सुरुवातीला पाच मिनिटं उरली की ज्या वर्गाची, म्हणजे ज्या जातीच्या होड्यांची, शर्यत असेल त्या वर्गाचा झेंडा वर जातो. चार मिनिटं उरली की निळ्या कडेचा, मध्ये पांढरा चौकोन असलेला ‘पी’ झेंडा वर. एक मिनिट उरलं की ‘पी’ खाली. शून्यावर वर्गाचा झेंडा खाली, आणि शर्यत सुरू. प्रत्येक वेळी भोंगा वाजतो, पण वेळ धरायची ती झेंड्यावरून. भोंगा वाजलाच नाही तरी झेंडा हलला की खरं. याचं कारण मला त्याच दिवशी कळलं. सुरुवातीची रेषा दोनशे मीटर लांब असेल तर पलीकडच्या टोकाला आवाज पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि सुरुवातीला अर्धा सेकंद म्हणजे एका होडीचं नाक पुढे की मागे एवढा फरक. डोळ्याला मात्र झेंडा सगळीकडे एकाच क्षणी दिसतो.

तर त्या दिवशी एक मिनिटाच्या खुणेला माझा ‘पी’ खाली येईना. दोर ओला होऊन कप्पीत अडकला होता. मी ओढते आहे, बोटं सोलवटली आहेत, आणि समोर २२ होड्या रेषेवर तोंड करून शिडं फडफडवत उभ्या. अधिकाऱ्यांनी शांतपणे लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा चढवला, दोन भोंगे दिले. सुरुवात पुढे ढकलली गेली. २२ होड्या वळून परत आल्या. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. कुणी एक शब्द बोललं नाही. अधिकाऱ्यांनी दोर सोडवला, मला दोनदा तो गुंडाळून दाखवला आणि म्हणाले, ‘शर्यतीआधी प्रत्येक झेंडा एकदा वर-खाली करून बघायचा.’ तेव्हापासून मी तसं केल्याशिवाय कधी शर्यत सुरू केलेली नाही.

प्रश्न : यॉट क्लब हा मुळातच सरदार-दरकदारांचा आणि गर्भश्रीमंतांचा प्रकार होता ना? मग आज सामान्य माणसाने तिथे का जावं?

मुळात होता, हे खरंच आहे. इंग्रजीतला ‘यॉट’ हा शब्द डच भाषेतून आला, अर्थ शिकारीचं किंवा पाठलागाचं जलद जहाज. १६६० मध्ये ॲमस्टरडॅम शहराने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला ‘मेरी’ नावाची अशी होडी भेट दिली आणि पुढच्याच वर्षी तो भाऊ जेम्सबरोबर टेम्स नदीत पैज लावून शर्यत खेळला. म्हणजे खेळाचा जन्मच राजवाड्यातला.

क्लब म्हणून सर्वांत जुना मानतात तो आयर्लंडमधला कॉर्कचा, सन १७२०. तेव्हाचं नाव ‘वॉटर क्लब ऑफ द हार्बर ऑफ कॉर्क’. सभासद २५च्या वर घ्यायचे नाहीत असा नियम होता. त्यांची नियमावली वाचताना मी अगदी रमून गेले होते. एप्रिलमधल्या पहिल्या उधाणापासून सप्टेंबरमधल्या शेवटच्या उधाणापर्यंत, दर उधाणाच्या भरतीला भेटायचं. यजमान ॲडमिरलने, म्हणजे क्लबच्या प्रमुखाने, मांसाचे दोनच प्रकार आणायचे, जास्त नाही. लांब शेपटीचे केसांचे टोप आणि झालरीच्या मोठ्या बाह्या घालून यायचं नाही. आणि जेवणानंतर जो होड्यांच्या गप्पा मारील त्याला दंड! हे लोक शर्यती खेळत नव्हते. ॲडमिरलच्या खुणांवर आरमारासारख्या सगळ्या होड्या एकत्र वळवायच्या, हा त्यांचा खेळ. पण नियमांची नजर बघा कशावर होती : भरतीवर, आणि एकाच्या थाटामाटामुळे दुसऱ्याची अडचण होऊ नये यावर. ३०० वर्षांनंतरही कुठल्याही क्लबच्या वार्षिक सभेत निम्मा वेळ याच दोन गोष्टींवर जातो.

पुढे १ जून १८१५ रोजी लंडनच्या एका टॅव्हर्नमध्ये ‘द यॉट क्लब’ निघाला, तोच नंतरचा इंग्लंडमधल्या काउज इथला रॉयल यॉट स्क्वॉड्रन. दहा टनांहून लहान होडी असणाऱ्याला तिथे दारच बंद. ३० जुलै १८४४ रोजी न्यू यॉर्क बंदरात जॉन कॉक्स स्टीव्हन्स यांच्या ‘गिमक्रॅक’ या होडीवर नऊ जण जमले आणि न्यू यॉर्क यॉट क्लब स्थापन झाला. हे सगळे मोठ्या होड्यांचे मालक. दोर ओढायला पगारी खलाशी, मालक गालिच्यावर.

बदल सुरू झाला तो १८७०च्या सुमाराला. पगारी माणसं न घेता स्वतःची होडी स्वतः चालवायची, असं म्हणणाऱ्या हौशी लोकांनी ‘कोरिंथियन’ हे नाव घेतलं. अमेरिकेतला सिवॉनहाका क्लब १८७१चा, इंग्लंडमधला कोरिंथियन क्लब १८७२चा. माझ्या मते आजचा क्लब खऱ्या अर्थाने यांचा वारस आहे.

आणि मग प्लायवूड आलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल या दोघांनी ‘मिरर’ नावाची छोटी होडी आखली. एका दैनिकाने ती पुरस्कृत केली, म्हणून हे नाव आणि म्हणूनच तिची लाल शिडं. प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायचे, सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि राळ लावायची, झाली होडी. सुतारकाम न येणारी माणसंही घराच्या पडवीत ती बांधू लागली. ७०,०००हून जास्त मिरर पाण्यावर आल्या. शिक्षक, कारकून, परिचारिका क्लबांत शिरले ते या होडीत बसून. माझी पहिली होडी दुसऱ्या कुणीतरी वापरून जुनी झालेली मिररच होती. तिच्या आतल्या बाजूला तांब्याच्या टाक्यांचे हिरवट ठिपके एका ओळीत दिसायचे. बांधणाऱ्याने एक टाका चुकवून पुन्हा घातला होता, ती जागा मी बोटाने ओळखायचे.

प्रश्न : सभासद होण्यासाठी सूचक आणि अनुमोदक लागतात म्हणे. माझी तिथे कुणाशीच ओळख नाही. आणि ‘ब्लॅकबॉल’ म्हणजे काय?

सूचक-अनुमोदकाची अट बऱ्याच क्लबांत आजही आहे. त्याला घाबरू नका. आधी शिकाऊ वर्गात किंवा क्रू म्हणून काही महिने जा. तोवर तुमच्यासाठी सही करणारे दोघे आपोआप सापडतात. बाहेरच्या माणसांना क्रू म्हणून येऊ देणारा क्लब बघा, आणि तो येऊ देत नसेल तर दुसरा क्लब बघा.

ब्लॅकबॉलची पद्धत अशी होती : झाकलेल्या पेटीत प्रत्येक सभासदाने पांढरी किंवा काळी गोटी टाकायची. ठरावीक संख्येहून जास्त काळ्या निघाल्या की उमेदवार बाद. कुणी टाकली, का टाकली, काही कळायचं नाही. याचा सर्वांत गाजलेला बळी म्हणजे चहावाले सर थॉमस लिप्टन. ग्लासगोत गरिबीत वाढलेला, किराणा दुकानांवर मोठा झालेला हा माणूस. १८९९ ते १९३० या काळात त्यांनी ‘शॅमरॉक’ नावाच्या होड्या घेऊन पाच वेळा अमेरिकाज कप या यॉट शर्यतीच्या नामांकित चषकासाठी आव्हान दिलं, पाचही वेळा हरले आणि हरूनही अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर लोकांचे लाडके झाले. राजा सातवा एडवर्ड त्यांचा मित्र होता. तरी काउजच्या क्लबने या दुकानदाराला वर्षानुवर्षं बाहेर ठेवलं. पाचही आव्हानं त्यांनी रॉयल अल्स्टर यॉट क्लबतर्फे दिली. शेवटी १९३१ मध्ये काउजने त्यांना सभासद करून घेतलं आणि त्याच वर्षी ते वारले. ही हकिगत मला फार लागते. आमच्या समितीत नव्या अर्जांवर चर्चा सुरू झाली की मी ती सांगते, आणि नकार द्यायचा असेल तर कारण लिहून द्या असा आग्रह धरते.

प्रश्न : अमेरिकाज कप देशाचा की क्लबचा?

क्लबचा. कपाच्या दानपत्रातच आव्हान परदेशी यॉट क्लबने द्यावं असं म्हटलंय, आणि त्या क्लबची वार्षिक शर्यत समुद्रावर किंवा समुद्राच्या एखाद्या फाट्यावर होत असावी अशी अट आहे. १८५१ मध्ये ‘अमेरिका’ या होडीने जिंकलेला हा कप न्यू यॉर्क यॉट क्लबने १३२ वर्षं सांभाळला. १९८३ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया टू’ने तो रॉयल पर्थ यॉट क्लबसाठी नेला. २००३ मध्ये तर समुद्रच नसलेल्या स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या क्लबने तो जिंकला!

प्रश्न : माझा नवरा शर्यतीत सगळ्यांच्या शेवटून दुसरा आला आणि संध्याकाळी त्याला पहिलं बक्षीस मिळालं. तो म्हणतो हँडिकॅप. मला समजावून सांगाल का?

एकाच शर्यतीत वेगवेगळ्या जातीच्या होड्या असतात, म्हणून प्रत्येक जातीला एक आकडा दिलेला असतो. होडी जितकी मंद तितका आकडा मोठा. लागलेल्या वेळेला १००० ने गुणायचं आणि त्या आकड्याने भागायचं. समजा, तुमच्या यजमानांच्या होडीचा आकडा ११०० आणि वेळ ६६ मिनिटं. उत्तर येतं ६०. पुढच्या वेगवान होडीचा आकडा १००० आणि वेळ ६१ मिनिटं, तर उत्तर ६१. ती पाच मिनिटं आधी पोचली तरी जिंकले तुमचे यजमान. बक्षीस अगदी रास्त आहे. त्यांचं अभिनंदन करा.

प्रश्न : शर्यतीत पंच नसतो असं ऐकलं. मग भांडणं होत नाहीत?

होतात. साध्या क्लब शर्यतीत पाण्यावर शिट्टी वाजवणारा कुणी नसतो. नियम मोडला तर आपणच ओळखायचं, बाजूला व्हायचं आणि होडी दोनदा पूर्ण गोल फिरवून मगच पुढे जायचं. समोरचा मानत नसेल तर ‘प्रोटेस्ट’ असं ओरडून सांगायचं आणि किनाऱ्यावर आल्यावर लेखी द्यायचं. मग तीन-चार जण टेबलाभोवती बसतात, छोट्या लाकडी होड्या मांडून कोण कुठे होतं ते बघतात. डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याला वाट द्यायची, हा पहिला मोठा नियम. निम्मी भांडणं त्याचीच. एकदा माझ्याच विरुद्ध निकाल लागला. मी घरी जाऊन दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी कागदावर होड्या काढून बघितल्या तर समितीचंच बरोबर होतं.

पण नियमपुस्तकातला अगदी पहिला नियम शर्यतीचा नाहीच. संकटात असलेल्याला शक्य ती सगळी मदत करायची, हा तो नियम. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये कॅनडाचे लॉरेन्स लेम्यू फिन या एकट्याने चालवायच्या होडीच्या वर्गात दुसऱ्या क्रमांकावर असताना दुसऱ्या शर्यतीतले सिंगापूरचे दोन खेळाडू त्यांना पाण्यात दिसले. त्यांनी शर्यत सोडली, दोघांना वर घेतलं, बचाव बोट येईपर्यंत थांबले. समितीने नंतर त्यांना त्या शर्यतीपुरता दुसरा क्रमांकच बहाल केला, कारण नियमात तशी सोय आहे. नव्या मुलांना मी झेंडे शिकवायच्या आधी हे सांगते.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला होडी शिकायची आहे, पण उलटण्याची भीती वाटते. मलाही वाटते.

मग पहिल्याच दिवशी उलटवायला सांगा. थट्टा करत नाहीये. चांगला प्रशिक्षक उथळ, शांत पाण्यात, स्वतः शेजारी उभा राहून मुलांकडून होडी मुद्दाम उलटवून घेतो. मुलं जिच्यावर शिकतात ती ‘ऑप्टिमिस्ट’ म्हणजे पुढून बोथट, पेटीसारखी दिसणारी होडी. १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर इथे क्लार्क मिल्स यांनी ती आखली. प्लायवूडचा पत्रा आठ फूट लांब मिळतो, म्हणून होडीही जेमतेम तेवढीच. आज तिचं वजन साधारण ३५ किलो असतं. उलटली तर मधल्या फळीवर मुलाने आपला भार टाकायचा, ती आपोआप सरळ होते. आत पाणी भरलं तरी हवेच्या पिशव्यांमुळे बुडत नाही, डबड्याने पाणी उपसायचं.

गेल्या वर्षी एक लहान मुलगी उतारावर बसून रडत होती. मी तिला सांगितलं, आज शीड लावायचंच नाही, फक्त उलटवायची आणि सरळ करायची. पहिल्यांदा तिने डोळे घट्ट मिटले होते. चौथ्यांदा होडी सरळ झाली तेव्हा ती डबडं हातात घेऊन ओरडली, ‘अजून एकदा!’ तुम्हीही किनाऱ्यावर थांबा, पण सूचना देऊ नका. आईचा आवाज आला की मूल प्रशिक्षकाकडे बघायचं सोडतं.

प्रश्न : पोहता येत नसेल तर चालेल?

‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ ही म्हण इथे लावू नका. आधी पोहायला शिका, आणि उत्तम पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट धक्क्यावरच बांधा. १९७९च्या फास्टनेट या खुल्या समुद्रातल्या मोठ्या शर्यतीत ३०३ होड्या निघाल्या, वादळात सापडल्या आणि १५ स्पर्धक मेले. त्यात मुरलेले खलाशी होते.

प्रश्न : आमच्या क्लबला ७५ वर्षं होत आहेत. इतिहास लिहायचं काम माझ्यावर आलंय. कपाटात ओलसर इतिवृत्तं आहेत, भिंतीवर कमोडोरांच्या, म्हणजे क्लबच्या अध्यक्षांच्या, नावांचे फलक आहेत. सुरुवात कुठून करू?

तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण हेच काम मी १२ वर्षांपूर्वी केलं आणि सुरुवातीलाच चुकले. मी फलकापासून सुरुवात केली. सोनेरी अक्षरात एकाखाली एक नावं, समोर वर्षं. सहा महिन्यांनी हातात फक्त एक यादी होती.

मग इतिवृत्तं उघडली. ओल्या वह्यांची पानं ओढू नका. वही उभी ठेवून पंख्याच्या वाऱ्याला धरा, पानांमध्ये टिपकागद घाला, उन्हात ठेवू नका, आणि वाचण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. वाचताना भांडणं शोधा. आमच्याकडे उतार किती रुंद करायचा यावर दोन वर्षं वाद चालला होता. कंटाळवाणा वाटला म्हणून मी तो आधी सोडून दिला होता. नंतर लक्षात आलं की अरुंद उतार म्हणजे मोठ्या होड्यांना पगारी माणसं लावून धक्क्यावरून उतरवायचं, आणि रुंद उतार म्हणजे घरच्या दोघांनी छोटी होडी ढकलत नेऊन उतरवायचं. क्लब कुणाचा, हाच तो वाद होता. रुंद उतार एका मताच्या फरकाने मंजूर झाला. पुढच्या तीन वर्षांत सभासद दुप्पट झाले.

दुसरी गोष्ट, इतिवृत्तात जे नाही ते शोधा. आमच्या वह्यांत पहिल्या २० वर्षांत एकाही बाईचं नाव नव्हतं. ‘नोंदी ठेवल्याबद्दल भगिनीवर्गाचे आभार’ एवढंच, दरवर्षी तेच वाक्य. मी जुन्या सभासदांच्या घरी जाऊ लागले. एका आजींनी पलंगाखालून पत्र्याचा डबा काढला. त्यात १४ वर्षांच्या वेळेच्या नोंदी होत्या : प्रत्येक शर्यत, प्रत्येक शीड क्रमांक, मिनिट आणि सेकंद, वाऱ्याची दिशा, सगळं पेन्सिलीने. पेन्सिलच का, विचारलं तर म्हणाल्या, ‘शाई पाण्याने पसरते गं. पेन्सिल ओल्या कागदावरही टिकते.’ एका पानावर कोपऱ्यात वेगळ्या अक्षरात तीन आकडे होते. त्या वेळी बाळ रडत होतं, म्हणून शेजारणीने ती तीन मिनिटं घड्याळ धरलं होतं. तो सगळा डबा म्हणजे आमच्या क्लबचा इतिहास होता, आणि तो क्लबच्या कपाटात कधी आलाच नव्हता.

तेव्हा असं करा. फलक सगळ्यात शेवटी. आधी ड्युटीच्या जुन्या याद्या मिळवा, कुणी किती पाळ्या केल्या ते मोजा. ज्यांचं नाव फलकावर कधी लागलं नाही पण पाळीच्या यादीत दरवर्षी आहे, अशा माणसांची वेगळी यादी करा. ती किंवा त्यांच्या घरची माणसं जिथे असतील तिथे जा. जाताना ध्वनिमुद्रणाचं यंत्र न्या आणि जुने फोटो न्या. फोटोतली होडी बघितली की माणसं बोलायला लागतात. फोटोच्या मागे काही लिहिलंय का ते पाहा. आणि हे सगळं या आठवड्यातच सुरू करा. मी ज्यांच्याकडे ‘पुढच्या महिन्यात येते’ म्हणाले होते, त्यातले दोघे मला भेटले नाहीत.